घरच्या घरी गादीदार हेडबोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतापर्यंत मी तीन हेडबोर्ड, म्हणजे पलंगाच्या उशाकडच्या पाठी, केले. पहिला दोन पावसाळ्यांत वाया गेला, दुसरा बहिणीकडे आहे आणि तिसऱ्याला टेकून मी रोज रात्री वाचत बसतो. पाहुणे तो पाहतात आणि साधारण तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सगळी मापं पाच फुटी पलंगाची, म्हणजे ६० बाय ७८ इंची गादीची आहेत. तुमचा पलंग सहा फुटी असेल तर रुंदीत १२ इंच वाढवा, बाकी सगळं तेच.

सुतारकाम येत नाही. जमेल का?

जमेल. यात लाकडाचा एकही सांधा नाही. एक सपाट फळी, तिच्यावर फोम, फोमवर कापड आणि मागून पिना (टॅकर नावाच्या हत्यारानं ठोकायच्या), एवढाच प्रकार. फळी मापानं कापून आणायची. प्लायच्या दुकानात कापून मिळाली नाही तर जवळच्या फर्निचरवाल्याच्या कारखान्यात पाच मिनिटांचं काम आहे. कसब लागतं ते कापड ताणण्यात, आणि ज्याला गादीवर चादर नीट खोचता येते त्याला तेही येईल. मात्र ताणायच्या वेळी दुसरं माणूस घरात हवं. एकट्यानं केलेल्या कामात एका बाजूची वीण हमखास तिरकी जाते.

उंची किती ठेवायची?

पलंगावर गादी घालून, भिंतीला पाठ लावून बसा आणि डोक्याच्या मागे पेन्सिलीनं खूण करायला सांगा. बहुतेकांची खूण गादीच्या वर २४ ते २६ इंचांवर येते. त्यात खालचे चार इंच मिळवा, कारण फळी गादीच्या पातळीखाली गेली नाही तर माणूस बसल्यावर गादी दबते आणि मध्ये फट दिसते. त्याच फटीतून रात्री मोबाइल पडतो. म्हणजे उंची ३० इंच धरा. रुंदी पलंगापेक्षा दोन्हीकडे एकेक इंच जास्त, म्हणजे ६२.

नक्षी, बटणं वगैरे करणार असाल तर लक्षात घ्या, खालचे सात-आठ इंच उशांमागेच जातात.

प्लाय कोणता?

१२ मिलिमीटर जाडीचा. ६ मिलिमीटरचा टेकल्यावर वाकतो, १८ चा विनाकारण जड होतो. प्रतीचं म्हणाल तर दुकानात तीन नावं कानावर येतील. ‘एमआर’ म्हणजे ओलावा सोसणारा. पण नावावर जाऊ नका, तो कोरड्या खोलीपुरताच. ‘बीडब्ल्यूआर’ त्याहून टिकाऊ. हे दोन्ही आयएस ३०३ या मानकात येतात. तिसरा ‘बीडब्ल्यूपी’, ज्याला सगळे मरीन म्हणतात, त्याचं मानक आयएस ७१०. भिंत बाहेरची असेल किंवा पलीकडे बाथरूम असेल तर मरीनच घ्या. एरवी बीडब्ल्यूआर पुरतो. फळीवर आयएसआयच्या शिक्क्याजवळ मानकाचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचून मगच पैसे द्या.

पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ नको. एकदा काढलेली पिन त्याच जागी पुन्हा धरत नाही, आणि ओल लागली की कडा फुगतात.

८ बाय ४ फुटांच्या एका शीटमधून ६२ बाय ३० ची फळी निघून ६२ बाय १८ चा एक आणि ३४ बाय ४८ चा एक असे दोन तुकडे उरतात. फेकू नका, एकाची बेडसाइड टेबलाची फळी होते.

फोम किती जाड आणि किती ‘डेन्सिटी’चा?

दोन इंच जाड, ३२ डेन्सिटी. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. आकडा जितका कमी तितकी फोममध्ये हवा जास्त आणि माल कमी; तो वर्षभरात चपटा होतो. घरात टेकून तासन्‌तास टीव्ही पाहणारं कोणी असेल तर ४० घ्या. तुकडे दाबून बनवलेला रंगीबेरंगी बाँडेड फोम स्वस्त मिळतो, पण तो पाठीला पाटासारखा लागतो.

फोम फळीपेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच मोठा कापा, म्हणजे कड मऊ राहते आणि कापडाखालून प्लायची धार जाणवत नाही. कात्रीनं कापू नका, कड दातरी येते. एक्सा ब्लेडचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, नुसतं पातं हातात धरून, फोम न दाबता, हलक्या हातानं ओढा. फोमवर रेक्रॉनची (उशीत भरतात त्या पॉलिएस्टर तंतूंची) पातळ शीट पसरली की कडांना गोलाई येते.

फोमऐवजी कापूस चालेल का? आमच्याकडे जुन्या गादीचा कापूस आहे, पिंजून घेता येईल.

गादीत चालतो, पाठीत नाही. आडव्या गादीत कापूस जागच्या जागी दबतो. उभ्या पाठीत तो हळूहळू खाली उतरतो. वर पोकळ आणि खाली पोट सुटलेलं, असा हेडबोर्ड होतो.

फोम चिकटवायचा कशानं?

रबर-बेस गोंदानं, आणि फक्त पाच-सहा ठिपके. दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटणं थांबेपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. हा गोंद ज्वलनशील असतो आणि त्याच्या वासानं डोकं चढतं. तेव्हा खिडक्या उघड्या, देवाजवळची निरांजनही विझलेली, आणि स्वयंपाकघरात हे काम नकोच.

ठिपकेच का? कारण फोम कधीतरी बदलायचा असतो. माझ्या पहिल्या हेडबोर्डला मी हौसेनं फोम तर चिकटवलाच, वर कापडही गोंद फासून बसवलं. तेलकट डाग पडले तेव्हा कापड सोलताना फोमचे लचके आले आणि सगळंच गेलं. तेव्हापासून नियम केला, जे लावलं ते उघडता आलं पाहिजे. पुढची बरीच उत्तरं त्याच एका चुकीतून आलेली आहेत.

कापड किती लागेल?

दुकानात जाण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, समजून घ्या. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो, आणि सगळं गणित त्यावरच आहे.

फळी ६२ रुंद. प्रत्येक बाजूला फोमचे २ इंच, प्लायचा अर्धा आणि मागे वळवायला ३, मिळून साडेपाच. दोन्ही बाजूंचे ११. म्हणजे ७३ इंच रुंद आणि ४१ इंच उंच तुकडा हवा. ७३ काही ५४ च्या पन्ह्यात बसत नाही, म्हणून कापड आडवं घ्यायचं: पन्हा उंचीला, लांबी रुंदीला. ७३ इंच म्हणजे १.८५ मीटर, दोन मीटर घेतलं की काम झालं, एकही जोड नाही.

पण कापडावर उभी वेलबुट्टी असेल तर आडवी घेतल्यावर फुलं झोपतात. मग ४१ इंचांचे दोन तुकडे शेजारी जोडावे लागतात, आणि नक्षी जुळवायला अर्धा मीटर जास्त. दोन तुकडे असतील तर जोड बरोबर मध्ये येऊ देऊ नका. एक अख्खा पन्हा मध्यभागी ठेवून दुसऱ्याचे दोन भाग करून कडांना लावा. मधोमध शिवण दिसली की हेडबोर्ड ठिगळ लावल्यासारखा वाटतो.

मखमलीचा प्रश्न वेगळा. तिची लव एका दिशेला झुकलेली असते. हात फिरवून पाहा, गुळगुळीत लागते ती दिशा. लव खाली झुकलेली असावी, म्हणजे धूळ साठत नाही. आडवी घेतलीत तरी बिघडत नाही, फक्त उजवीकडून आणि डावीकडून रंग वेगळा भासतो. काहींना तेच आवडतं.

कोणतं कापड घ्यावं?

दुकानदार हातात मखमल देईल, कारण दिव्याखाली ती देखणी दिसते. घेण्याआधी घरात कोण कोण डोक्याला खोबरेल लावतं ते मोजा.

थट्टा नाही. आपल्याकडे हेडबोर्डचा पहिला शत्रू तेल आहे. साहेबालाही हे दुखणं होतं. १९व्या शतकात इंग्लंडात मॅकॅसर नावाचं केसांचं तेल इतकं चालायचं, की खुर्च्यांच्या पाठीवर टाकायच्या रुमालालाच ‘अँटिमॅकॅसर’ नाव पडलं. आपल्या सोफ्यांच्या पाठींवर आईनं विणलेले क्रोशाचे रुमाल असतात, ते याच कुळातले.

म्हणून माझं मत: जाड सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड, रंग मध्यम, वीण थोडी खडबडीत. पांढरा, बदामी आणि फिका राखाडी, हे तीनही चार महिन्यांत डोक्याच्या जागी दोन काळपट गोल दाखवतात.

रेक्झिन पुसता येतं हे खरं, पण उन्हाळ्यात मानेला चिकटतं. त्यातही पीयू प्रकारचं नकली चामडं मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे सोडू लागतं. ते पापुद्रे मग उशीवर, केसांत आणि चहाच्या कपात सापडतात.

आजीची जुनी साडी लावता येईल का?

सुती नऊवारी असेल तर खुशाल. पातळ असते म्हणून तिला मागून मांजरपाटाचं अस्तर जोडून घ्या आणि ताण बेतानं द्या. काठ वरच्या कडेला आडवा आला तर फार सुंदर दिसतो. पण काठ आणि अंग सारखं ताणलं जात नाही, तेव्हा काठ आधी टाचून घ्यायचा.

जुनी रेशमी साडी मात्र नको. रेशीम घडीवर आधीच विरलेलं असतं, ताणलं की तिथंच फाटतं. पैठणी कपाटातच बरी.

धुवायचं कसं?

हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात, आणि खरं तर तो कापड कापायच्या आधीच विचारायला हवा. उशीला अभ्रा असतो, गादीला खोळ असते, मग पाठीलाच का नसावी?

मी करतो ते असं. फोमवर पहिला थर मांजरपाटाचा, पिना मारून कायमचा, कडक ताणलेला. आकार हाच थर धरतो. त्यावर दिसणारं कापड पिनांनी नाही, खोळ म्हणून चढवायचं. ७३ बाय ४१ च्या तुकड्यात नेफ्यासाठी दोन्ही मापांत दोन इंच वाढवायचे, म्हणजे ७५ बाय ४३. चारी कोपरे शिंप्याकडून खोक्यासारखे शिवून घ्यायचे, कडेनं नेफा आणि त्यात मजबूत नाडी. फळीवर टोपडं घातल्यासारखं चढवून मागे नाडी आवळायची आणि गाठ मारायची. सुती कापड आधी एकदा धुऊन, आटू देऊन मगच शिवायला टाका. ते विसरलात तर पहिल्या धुण्यानंतर खोळ चढणार नाही.

दोन खोळी शिवल्या तर सणासुदीला रंगही बदलतो. आमच्याकडे एक जांभळी आहे, ती दिवाळीपासून होळीपर्यंत.

खोळ न धुता तेलाचा एखादा ताजा डाग घालवायचा तर त्यावर टाल्कम पावडर भरपूर पसरून रात्रभर राहू द्या आणि सकाळी ब्रशनं झाडा. पाणी लावून घासू नका, डाग पसरतो.

पिना मारताना सुरकुत्या पडतात. काय चुकतं?

क्रम चुकतो. बहुतेकजण एका कोपऱ्यातून सुरू करतात आणि कडेकडेनं जातात. सगळा ढिलेपणा शेवटच्या कोपऱ्यात जमा होतो.

कापड उलटं जमिनीवर पसरा, त्यावर फोम, त्यावर फळी. वरच्या कडेच्या मध्यावर एक पिन. समोर खालच्या कडेच्या मध्यावर, ताणून, एक. मग डाव्या आणि उजव्या मध्यावर. असा अधिकचा आकार झाला की मध्यापासून कोपऱ्याकडे सरकायचं, एकदा वर, एकदा खाली, पिनांमध्ये दोन बोटांचं अंतर. प्रत्येक कोपऱ्याआधी चार इंच थांबायचं. फळी उभी करून समोरून पाहा. वीण सरळ दिसली तरच अंतरं भरून काढा. तिरकी दिसली तर काढून पुन्हा. पिन उपसायला चपटा पेचकस आणि पक्कड पुरते.

ताण किती? हात फिरवल्यावर कापड सरकू नये, पण फोमची कड चेपून टोकदारही होऊ नये.

पिना ८ मिलिमीटरच्या घ्या. १२ च्या घेतल्या तर टोकं पुढच्या बाजूला फोममध्ये निघतात. हाताच्या टॅकरनं चांगल्या प्लायमध्ये पिन अर्धीच शिरते. वरून हातोडीचा एक ठोका द्यायचा. शंभरेक पिना मारून झाल्यावर पंजा आखडतो, तेव्हा मध्ये चहा घ्या.

कोपरे?

आधी टोक तिरकं आत ओढून एक पिन. मग दोन्ही बाजूंच्या चुण्या त्यावर दुमडा. घडीची रेघ वरच्या कोपऱ्यात कडेला लपते, समोरून दिसत नाही. जास्तीचं कापड मागून छाटून टाका, नाहीतर तिथं गाठोडं होऊन फळी भिंतीशी डुगडुगते.

बटणं मारायची आहेत, हॉटेलात असतात तशी.

मारा, पण दोन गोष्टी पत्करून: खोळ विसरायची, आणि धूळ दर आठवड्याला ब्रशनं काढायची. खोल बटणांसाठी फोम तीन इंची घ्या आणि कापड दोन्ही मापांत जास्त, कारण प्रत्येक खड्डा कापड खातो.

शिलाईचं सामान विकणाऱ्यांकडे आपलं कापड दिलं तर त्याचीच मढवलेली बटणं करून मिळतात. फोम ठेवण्याआधी प्लायला ६ मिलिमीटरची भोकं पाडून घ्या. लांब दाभणात नायलॉनचा जाड दोरा ओवून मागून पुढे, बटणातून परत मागे. मागे नुसती गाठ मारली तर सुटते. दोऱ्यावर एक पिन, दोरा उलटा वळवून दुसरी, पुन्हा वळवून तिसरी. मधल्या बटणापासून सुरुवात करून बाहेर जायचं.

उभ्या पट्ट्यांचा करणं सोपं की अवघड?

बटणांपेक्षा सोपा. प्रत्येक पट्टी म्हणजे एक छोटा हेडबोर्ड. वेगवेगळ्या मढवून मागच्या फळीवर शेजारी-शेजारी मागून स्क्रूनं लावायच्या. एक खराब झाली तर तेवढीच बदलता येते, हा माझ्या दृष्टीनं मोठा गुण. सगळे चुकतात ते एका ठिकाणी: ६२ इंचांच्या आठ पट्ट्या म्हणून पावणेआठ इंचांच्या कापतात. कापडाची जाडी धरत नाहीत. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना कापड येतं. ते एक मिलिमीटरचं धरलं तरी आठ पट्ट्यांत १६ मिलिमीटर जमतात आणि शेवटची पट्टी बसत नाही. प्रत्येक पट्टी दोन मिलिमीटर कमी कापा.

भिंतीला कसा लावायचा?

तिरप्या पट्ट्यांवर टांगायचा. १८ मिलिमीटरच्या प्लायची चार इंची पट्टी लांबीतून ४५ अंशांत कापून दोन करायच्या. एक भिंतीवर, उतार भिंतीकडे, म्हणजे भिंत आणि पट्टी यांच्यात खोबण राहते. दुसरी फळीच्या मागे उलटी. फळी वरून आणून सोडली की खोबणीत बसते, आणि खोळ धुवायची असेल तेव्हा दोघांनी उचलली की निघते. फळीच्या मागे खालच्या बाजूला तेवढ्याच जाडीची एक साधी पट्टी द्या, म्हणजे हेडबोर्ड ओळंब्यात राहतो. दोन्ही पट्ट्या कडेपासून पाच इंच आत असू द्या. कडेचे तीन इंच कापडाचे आहेत. मागून मारायचे स्क्रू २५ मिलिमीटरचे. त्याहून लांब असले तर पाठीत टोचतील.

एवढ्या हेडबोर्डचं वजन १५ किलोच्या आत राहतं. भिंतीत चार स्क्रू पुरतात, पण ते तीन इंची हवेत, कारण पट्टी आणि प्लास्टर यांतच सव्वा इंच जातो. विटांच्या भिंतीत साधी गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती) चालते. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमध्ये ती फिरते, त्यासाठीची लांब नायलॉनची गिट्टी मागून घ्या. मायवान पद्धतीच्या नव्या इमारतींत भिंती अख्ख्या काँक्रीटच्या असतात. तिथं हॅमर ड्रिलशिवाय हात घालू नका.

स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, वायरी तिथूनच गेलेल्या असतात. पलीकडे बाथरूम असेल तर नळ कुठं आहेत ते आधी जाऊन पाहा.

घर भाड्याचं आहे, मालक खिळा ठोकू देत नाही.

मग हेडबोर्डला पाय द्या. १८ मिलिमीटरच्या प्लायच्या चार इंची दोन पट्ट्या मागून लावून जमिनीपर्यंत न्यायच्या आणि पलंगाच्या खोक्याला नटबोल्टनं आवळायच्या. खाली स्कर्टिंगच्या उंचीएवढी खाच पाडा. पलंगही घरमालकाचा असेल तर बोल्ट नको. पलंग मागे सरकवून पाय भिंत आणि पलंग यांच्यामध्ये दाबून धरायचे. थोडा हलतो, पण घर सोडताना सोबत येतो.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते. काय करू?

आधी ओल थांबवा, मग हेडबोर्ड लावा. झाकली म्हणून ओल जात नाही, उलट वारा न लागल्यानं बुरशी धरते. मी पहिल्या वेळी मागे प्लास्टिकचा कागद लावला होता. भिंतीची ओल प्लायपर्यंत आली नाही, पण कागदाच्या आत कोंडलेल्या दमटपणानं फोमला कुबट वास आला. आता मागे काळं नॉन-वोव्हन कापड लावतो, पिशव्यांना असतं तसलं. त्यातून हवा जाते. तिरप्या पट्ट्यांमुळे भिंतीपासून पाऊण इंच अंतरही आपोआप राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा उतरवून मागचं बघायचं.

ढेकूण होतील का?

घरात नसतील तर हेडबोर्डमुळे येणार नाहीत. घरात असतील तर राहायला त्यांना याहून चांगली जागा नाही: अंधार, घड्या, आणि माणूस हातभर अंतरावर. बटणांच्या खळ्या आणि मागच्या दुमडी त्यांच्या आवडीच्या. प्रवासाहून आल्यावर बॅग पलंगावर ठेवू नका. जुन्या गादीचा फोम फुकट मिळतोय म्हणून वापरायचा असेल तर त्याच्या शिवणींजवळ काळे ठिपके आहेत का ते उन्हात नेऊन पाहा. दिसले तर घरातही आणू नका.

उदबत्ती, मच्छर कॉइल जवळ चालेल?

नाही. फोम झपाट्यानं पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पलंगाजवळ लिक्विडचं मशिन वापरा, तेही फळीमागच्या प्लगमध्ये नको. हेडबोर्डनं एखादा सॉकेट झाकला जात असेल तर फळीला खिडकी कापा किंवा बोर्ड बाजूला काढून घ्या.

खर्च किती येतो?

प्लाय चौरस फुटावर मिळतो, आणि अख्खी शीट म्हणजे ३२ चौरस फूट; फळीला त्यातले १३ लागतात. कापलेला तुकडा देणारा दुकानदार शोधलात तर इथंच सगळ्यात जास्त वाचतं. फोम शीटवर, कापड मीटरवर. खरी उडी कापडात आहे, तिथं दोन मीटरला काहीशेही लागतात आणि काही हजारही. पैसे कमी पडले तर कापड साधं घ्या, प्लायमध्ये काटकसर नको. खोळ पुढच्या वर्षी बदलता येते.

पलंगाला आधीच लाकडी पाठ आहे. तिच्यावरच गादी चढवू का?

सपाट असेल तर वेगळी फळी लागत नाही असं वाटतं, पण चांगल्या सागवानाला पिना मारू नका. ६ मिलिमीटरच्या प्लायवर एक इंची फोम मढवा. मागे पक्की पाठ असल्यानं इथं तो वाकत नाही. वरच्या कडेला दोन रुंद कापडी पट्टे शिवून लाकडी पाठीवरून मागे सोडा आणि खाली नाडीनं बांधा. पिना ६ मिलिमीटरच्याही फार होतात, तेव्हा इथं कापड मागे उभ्या-आडव्या दोऱ्यानं, दाभणानं ओढून शिवायचं.